विहिरीवरून गेलेली मोटार

बेलिफानं कुलूप फोडलं, पत्र्याचं दार ढकललं आणि आत एक पाय टाकून तो तसाच थांबला.

खोलीत मोटार नव्हती.

सिमेंटचा ओटा होता. ओट्यातून वर आलेले बोल्ट होते. भिंतीवर स्टार्टर होता, त्याच्या खाली वायरींची टोकं लोंबत होती, आणि जिथं मोटार असायला हवी तिथं एक सरडा बसला होता. बेलिफानं सरड्याकडं पाहिलं, सरड्यानं बेलिफाकडं. दोघंही सरकारी नोकर असल्यासारखे गप्प राहिले.

"बाई, मोटार कुठाय?" अखेर बेलीफ ओरडला.

दाराबाहेर धोंडुबाई पुकळे उभी होती. पन्नाशीची, धनगराची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई म्हणजे?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

"कुलूप तुझं, किल्ली तुझ्या कमरेला, आणि मोटार न्हाई?"

धोंडुबाईनं किल्ली पदराआड केली. बेलिफानं पंच गोळा केले आणि सायकलवाल्या पोराच्या हाती ठाण्याला निरोप धाडला.

ही बिरोबाची वाडी. सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, जिथं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहा न घेताच परततो. बहात्तरच्या दुष्काळात इथल्या विहिरीत दगड टाकला तर आवाज दुसऱ्या दिवशी यायचा. दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, मागोमाग विजेचे खांब आले, आणि खांबांच्या मागोमाग बँक आली. बँकेनं सांगितलं, मोटारी घ्या. मोटार तुमची, पण कर्ज फिटेपर्यंत आमच्याकडं गहाण.

हप्ता चुकणं हा काही गुन्हा नाही. तसं असतं तर निम्मा जिल्हा आत असता आणि उरलेला निम्मा त्यांना डबे पोचवत बसला असता. पण गहाण पडलेली वस्तू परस्पर विकली, तर तो विश्वासघात. त्याला कलम आहे. त्या कलमाला तुरुंग आहे.

म्हणजे मोटार सापडली नाही, तर धोंडुबाई आत जाणार होती.

*

फौजदार नानासो फडतरे दुपारी पोचला. हा गडी मूळचा साताऱ्याकडचा, बदलून सांगली जिल्ह्यात आलेला. शर्टाच्या खिशात कायम भडंगाची पुडी. विचार करताना तो एकेक दाणा तोंडात टाकायचा. गुन्हा सोपा असला तर पुडी संध्याकाळपर्यंत पुरायची. एका खुनाच्या तपासात त्यानं सांगलीतलं अख्खं दुकान रिकामं केलं होतं, असं ठाण्यातली माणसं शपथेवर सांगत.

त्यानं आधी माणसांना विचारलं नाही, खोलीला विचारलं.

बोल्टांवर नट होते. मोटार काढून नेणाऱ्यानं नट पुन्हा जागच्या जागी फिरवून ठेवले होते, वर तेलाचा हातही दिला होता. स्टार्टरच्या शेजारी चिनी मातीचे तीन फ्यूज होते. कडेच्या दोनांत तार होती. मधला मोकळा.

फडतरेनं पहिला दाणा तोंडात टाकला.

बाहेर येताना त्याचा गुडघा कशावर तरी आपटला. दारासमोर एक जीप उभी होती आणि तिच्या मागं ट्रेलर अडकवायचा लोखंडी आकडा होता.

"लागलं का साहेब?" जीपमधून डुबल वकील उतरले. कृष्णात डुबल. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि पांढरेच केस. वकिलांनी काळा कोट कोर्टातच ठेवला होता. "आकडा आहे खरा वाईट. शेतावर खत न्यायला लागतो."

"तुम्ही इकडं कसे?"

"बँकेचे गहाणखताचे कागद मीच बघतो ना. पण कागद बँकेचे असले तरी माणसं आपलीच." वकील खाटेवर बसले. "या बाईला मी फुकट सोडवणार आहे. आमच्या विजयमालाबाईंनी तर तिच्यासाठी लुगडंसुद्धा धाडलंय. घरातून निघताना बजावलं मला, त्या विधवेला रित्या हातानं भेटू नका."

धोंडुबाईनं लुगड्याकडं पाहिलं, हात लावला नाही.

"सोडवणार कसं?"

"गुन्हा कबूल करायचा. अडाणी बाई, पहिलीच चूक, दया करा म्हणायचं. थोडक्यात भागेल." वकिलांनी आवाज खाली घेतला. "फौजदारसाहेब, मी तरी काय करू? मोटार बसवली तेव्हा स्वतः येऊन सांगून गेलो होतो. हळदकुंकू लावू नका, हे यंत्र आहे, देव नाही. पण ऐकतात का? मोटारीच्या मागच्या पंख्याच्या जाळीतून मुठीमुठीनं भंडारा आत सोडायचा, मोटार मुकी झाली की घाबरायचं, आणि मग भंगारात विकून मोकळं व्हायचं."

"हं," फडतरे म्हणाला, आणि दुसरा दाणा काढला.

वकील गेले. जीपच्या धुळीत वाडी थोडा वेळ दिसेनाशी झाली. तशी ती एरवीही सरकारला दिसत नव्हतीच.

*

पहिला संशय दिरावर होता. आप्पासो पुकळे. विहिरीत त्याचीही वाटणी होती, भावजयीशी भांडण होतं, आणि त्याच्या रानात अलीकडंच नवं तेलाचं इंजिन आलं होतं. फडतरे बांधावर गेला तेव्हा इंजिन धूर सोडत होतं आणि आप्पासो बिडीचा.

"इंजिन कवा घेतलं रं?"

"दिवाळीला."

"पैसा?"

"मेंढरं इकली."

"किती?"

"मोजत न्हाई सायेब. मोजली की कमी व्हत्यात."

"भावजयीची मोटार विकून इंजिन घेतलंस, असं गावात म्हणतात."

आप्पासोनं बिडी फेकली. "कोण म्हणतंय? त्याला हितं आना! आवं, माझं आन तिचं पटत न्हाई, बोलणं न्हाई, पर चोरी? भावाच्या घरात? आन मोटार न्हाई ह्येच आमाला आज कळलं की. खोलीला कुलूप, म्हंजी आत मोटार, असंच वाडीला वाटत हुतं. तिला इचारलं, पानी का वढत न्हाईस, तर म्हनायची, हीर खाली गेलीया."

"मोटारीचा आवाज कधी ऐकलास?"

"पयल्या दिशी. बँकेचा सायेब बघाय आला तवा. नाकाला रुमाल लावून आला, मोटार बघितली आन गेला. तवापास्नं आवाज न्हाई."

फडतरे परत विहिरीवर आला. धोंडुबाई काठावर बसली होती. खाली पाणी दिसत होतं, हिरवंगार, भरपूर. विहीर खाली गेली नव्हती.

त्यानं पुडी तिच्यापुढं धरली. तिनं एक दाणा घेतला आणि मुठीतच ठेवला.

"सायेब, मला जेलात घालनार व्हय?"

"अजून घातलं नाही."

"घाला. पर सांच्यापतूर मेंढरं कुनाच्या तरी हवाली करू द्या. मला सोडून ती कुनाच्या मागं जायाची न्हाईत."

"मावशी, मोटार विकलीस?"

"न्हाई."

"मग कुठं गेली?"

तिनं मुठीतला दाणा पदराच्या टोकाला बांधला. मग अगदी हळू म्हणाली, "मोटार म्या मारली."

फडतरेचा हात खिशात अडकला.

"वकीलसायेब बजावून गेलं हुतं, काय लावू नगा. आत काय गेलं तर जबाबदारी तुमची. पर सायेब, घरात गाय आनली तर आमी हळद लावतो. सून आनली तर लावतो. ही तर पानी घिऊन आलेली. हिला कोरी कशी ठिवू?" तिनं डोळे पुसले. "पहाटंचं एकलीच आले. कुनी न्हवतं. बिरोबाचं नाव घेतलं आन जाळीतनं भंडारा आत सोडला. बाहीर दिसंल म्हनून आत. मग बँकेचा सायेब येऊन गेला, आन त्याच सांजला मोटार मुकी झाली."

"मग?"

"मोटार दिली त्या शेरातल्या दुकानाचा वायरमन आला. सिद्धू म्हनत्यात त्येला. झाकण उघडलं न्हाई, नुस्ता हात लावला, म्हनला जळली, काय तरी घातलंईस तू. बाजाराच्या दिशी, वाडीत कोन नसताना, जीप आनून घिऊन गेला. म्हनला दुरुस्त करून आनतो. बोलू नगंस, बँकेला कळलं तर धरून नेतील."

"आणि तू रिकाम्या खोलीला कुलूप लावलंस."

"लाजंनं."

"भंडारा जाळीतून आत घातलास, हे कोणाला सांगितलंस? वायरमनला? दिराला? वकिलाला?"

"कुनाला सांगू सायेब? आज तुमालाच पयल्यांदा."

फडतरेनं पुडीतले दाणे तळहातावर ओतले आणि एकदमच तोंडात टाकले.

*

सांगलीत बाजारपेठेच्या तोंडाशी दुकान होतं. पाटी ताजी रंगवलेली. विजयमाला इलेक्ट्रिकल्स. शेतीपंप, मोटारी, जोडणी करून मिळेल. गल्ल्यावरचा माणूस पगारी होता. मालक कोण विचारलं तर म्हणाला, मालकीणबाई आहेत, दुकानात येत नाहीत.

सिद्धू वायरमन मागच्या खोलीत तार गुंडाळत होता. मान बारीक आणि मिशा जाड.

"वाडीची मोटार तू आणलीस?"

"आनली."

"कुठाय?"

"माधवनगरला दिली. तार भराय."

"माधवनगरात कोणाकडं?"

"हाय एक. मागाच्या कारखान्याच्या मागं."

"चल, दाखव."

सिद्धू उठला नाही. "आज बंद असंल."

"माधवनगरात माग कधी बंद असतात रं? तिथं माणसं झोपेतसुद्धा खटखट करतात. चल."

"सायेब, लय दिवस झालं. ध्यानात न्हाई."

"बरं. अशा किती मोटारी जळल्या तुझ्या हातच्या?"

"ही एक आन ती आष्ट्याची..." सिद्धूनं जीभ चावली. त्यानंतर त्यानं जे तोंड मिटलं, ते फक्त भाकरी खायलाच उघडलं. फडतरेनं त्याला चौकशीसाठी ठाण्यात बसवून ठेवलं, आणि दुकानात सांगितलं, पोरगा दारू पिऊन सापडलाय, उतरली की सोडतो.

आष्ट्याच्या शिवारात गुंडाप्पा मिठारी राहायचे. हळदीचं रान, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. घरात शिरताच फडतरेनं विचारलं, "काका, मोटार कुठाय?"

"खोलीत."

"खोलीला कुलूप?"

"आहे."

"आत मोटार?"

गुंडाप्पांनी तोंडाला लावलेला कप खाली घेतला.

"विभूती कुठून लावलीत? जाळीतून?"

कप पडला. "आवं साहेब, तुमाला कुणी सांगितलं? बायकोला ठाऊक नाही! वकीलसाहेब बजावून गेले होते, काही लावू नका. मी म्हटलं, बाहेरून पट्टे ओढले तर दिसतील. म्हणून चिमूटभर आत सोडली. बँकेचे साहेब बघून गेले आणि संध्याकाळी मोटार गप्प. साहेब, माझ्या हातून घात झाला. बाहेर सांगू नका, चारचौघांत मान वर राहणार नाही."

"कोण वकील?"

"डुबल. देवमाणूस आहे."

फडतरेनं मोटारीच्या खोलीत जाऊन फ्यूज तेवढे पाहिले. मधला मोकळा.

*

आता प्रश्न एकच होता. मोटार आज कुठं आहे?

डुबल वकील त्या बँकेच्या सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांच्या शाखांचे कागद बघत. फडतरे एसटीनं साताऱ्याला गेला. शाखेत त्याच्या ओळखीचा एक कारकून होता. त्यानं सांगितलं, डुबलसाहेबांच्या कागदांवर कऱ्हाडजवळ एक मोटार नुकतीच बसली. पाहणी काल झाली.

मोटार होती जोतीराम साळुंख्यांच्या विहिरीवर. जोतीराम लष्करातून हवालदार होऊन आलेला, अंगणातल्या गवरीसुद्धा रांगेत लावणारा. मोटार जागेवर होती. हिरवा रंग इतका ताजा, की बोट लावलं तर बोट हिरवं व्हावं. मोटार गप्प होती.

"काल सांजला बंद पडली," जोतीराम म्हणाला. "दुकानाचा माणूस येणार होता न्यायला. आला न्हाई."

"येणार नाही. तो माझ्या ठाण्यात भाकरी खातोय. काल मोटार बंद पडण्याआधी इथं कोण होतं?"

"वकीलसायेब. पाहणी झाली तरी सांजपतूर बसलं, खोलीत जाऊन मोटार बघून गेलं. लय जिव्हाळा."

फडतरेनं फ्यूज पाहिले आणि हसला. "हवालदार, मोटारीला कुंकू कोणी लावलं?"

जोतीराम ताठ झाला. "आमच्यात शिस्त आहे. नो म्हंजी नो."

मागून त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, पदर तोंडाला लावला. जोतीरामनं तिच्याकडं पाहिलं, आणि लढाईत न वाकलेला माणूस खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. पायात बूट नव्हते.

"जाळीतनं," मनुबाई पुटपुटली. "उलीसंच."

"ही मोटार मला सांगलीला पाहिजे," फडतरे म्हणाला. "पण हा जिल्हा माझा नाही. इथली काडी उचलायचा मला अधिकार नाही. तुम्ही स्वतःहून घेऊन याल?"

"ऑर्डर हाय का?"

"विनंती आहे."

"मग येतो. ऑर्डरी लय ऐकल्या."

*

सांगलीच्या शाखेत मॅनेजरच्या टेबलावर मोटार ठेवली, तेव्हा टेबल एका बाजूला कललं. मॅनेजरनं शाईची दौत उचलून छातीशी धरली.

खोलीत सगळे होते. धोंडुबाई दाराशी जमिनीवर, आप्पासो तिच्यापासून हातभर लांब, गुंडाप्पा, जोतीराम आणि मनुबाई खुर्च्यांच्या कडेवर, सिद्धू ठाण्याच्या हवालदाराच्या बाजूला. डुबल वकील मॅनेजरच्या शेजारी, कारण त्यांची खुर्ची तीच असायची.

"ही जोतीरामांची मोटार," वकील म्हणाले. "हिचा वाडीच्या बाईशी काय संबंध? नंबर बघा. वेगळा आहे."

"बघितला," फडतरे म्हणाला. "नंबरची पट्टी कारखान्यात रिबिटानं ठोकतात. ही स्क्रूनं बसवलीय. म्हणजे काढता येते, दुसरी लावता येते. पण ते राहू द्या. मोटारीला विचारू."

त्यानं पान्यानं मागचं झाकण सोडवलं आणि टेबलावर कोरा कागद पसरला. मग पेन्सिलीच्या टोकानं पंख्याच्या पात्यांमागचा, तेलात बसलेला थर खरवडला.

कागदावर लाल पडलं. मग पांढरं. मग पिवळं.

धोंडुबाई गुडघ्यावर उठली. "भंडारा."

"विभूती," गुंडाप्पा म्हणाले, आणि कपाळाला हात लावला.

"कुंकू माझं," मनुबाई म्हणाली.

"एकाच मोटारीत तीन घरचे देव," फडतरे म्हणाला. "ही मोटार तिन्ही विहिरींवर नांदून आलीय. एकेक दिवस. बँकेचे साहेब नाकाला रुमाल लावून येतात, मोटार बघतात, जातात. पाहणी झाली की बँक मोटारीची किंमत दुकानाला देते. मग मोटार जळते, दुकानात जाते, रंग बदलते, पट्टी बदलते, आणि दुसऱ्या विहिरीवर नवी होऊन येते. तीन किमती आणि मोटार एक."

"पण जळायची कशी?" मॅनेजरनं विचारलं.

"जळलीच नाही. तिन्ही ठिकाणी मधला फ्यूज मोकळा होता. तार काढली की मोटार मुकी. सिद्धू, खरं का?"

सिद्धूनं मान डोलावली.

"म्हणजे चोर हा वायरमन!" वकील म्हणाले. "आणि दुकान. मी पहिल्यापासून सांगत होतो—"

"तुम्ही पहिल्यापासून बरंच सांगितलंत, वकीलसाहेब. तिथंच घोटाळा झाला." फडतरेनं खिसा चाचपला. पुडी रिकामी होती. "तुम्ही वाडीत मला म्हणालात, पंख्याच्या जाळीतून भंडारा सोडायचा आणि मोटार मुकी व्हायची. मोटार मुकी झाली, हे वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. कुलूप होतं, सख्ख्या दिराला वाटत होतं आत मोटार आहे. भंडारा जाळीतून गेला हे तर सिद्धूलाही ठाऊक नव्हतं, त्यानं झाकण उघडलंच नाही. ते दोघींनाच ठाऊक, धोंडुबाईला आणि मोटारीला. धोंडुबाई बोलली नाही. म्हणजे मोटार तुमच्याशी बोलली. झाकण तुम्ही उघडून बघितलंत."

"कशासाठी बघेन मी?"

"आपलं औषध लागू पडलं का, ते बघायला. हळदकुंकू लावू नका, आत गेलं तर जबाबदारी तुमची. हे तुम्ही तिन्ही घरी बजावलंत. या माणसांना तुम्ही पुरते ओळखता. पाणी आणणारी वस्तू कोरी ठेवायला त्यांचा हात धजणार नाही, हे तुम्हाला ठाऊक. उघड लावायची बंदी, म्हणून लपून लावणार. लपून लावलं, की मोटार बंद पडल्यावर पाप आपलंच समजणार. आणि पापाची फिर्याद घेऊन कोणी पोलिसात जात नाही, रिकाम्या खोलीला कुलूप लावतो. तुम्ही मोटार नाही चोरली, वकीलसाहेब. मोटार काय, कोणीही चोरेल. तुम्ही यांची भक्ती चोरली आणि तिचंच कुलूप करून यांच्या तोंडाला लावलंत."

मॅनेजरनं दौत खाली ठेवली आणि खुर्ची वकिलांपासून थोडी लांब सरकवली.

"मोटार ओढणाऱ्या ट्रेलरचा आकडा तुमच्या जीपला आहे, माझ्या गुडघ्यावर त्याची खूण आहे. कऱ्हाडला मोटार बंद पडण्याआधी खोलीत तुम्हीच गेला होतात. आणि दुकान? मालकीणबाई दुकानात येत नाहीत, पण विधवेला लुगडं पाठवतात. पाटीवर नाव आहे. विजयमाला."

वकिलांनी घाम पुसला, पण आवाज शांत होता. "फौजदार, कथा चांगली रचली. कोर्टात सांगणार काय? साक्षीला बिरोबाला बोलावणार?"

"बिरोबाला कशाला? सिद्धू आहे."

सिद्धू खाली बघत म्हणाला, "डुबलसायेब सांगत्याल तसं मी करत हुतो. पहिल्या दोन्हीकडं तार मीच काढली. कऱ्हाडला सायेब सोता गेलं. मी म्हनलो, मला नगं धाडू, दर येळंला मीच दिसलो तर लोक वळखत्याल."

*

त्या दुपारी डुबल वकिलांना अटक झाली. संध्याकाळी ते जामिनावर घरी जेवायला गेले. जाताना त्यांनी ठाण्यातल्या हवालदाराला घरापर्यंत जीपनं सोडलं.

सिद्धूला जामीन द्यायला कोणी आलं नाही. तो आतच राहिला.

बँकेच्या वरच्या साहेबांची बैठक बसली. त्यात ठरलं, की प्रकरण वर्तमानपत्रात जाऊ नये. धोंडुबाईवरची फिर्याद मागं घेतली. कर्ज मात्र कायम राहिलं. धोंडुबाईला मोटार मिळाली नाही असं म्हणता येत नव्हतं, कारण मिळाली होती. एक दिवस. बँकेच्या साहेबानं स्वतः पाहिली होती, रुमालाआडून का होईना. आणि पहिल्या मोटारीचा निकाल लागेपर्यंत दुसरी देता येत नव्हती.

मोटार मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या कोठडीत गेली. खटला उभा राहायचा होता. वकिलांची बाजू मांडायला निम्मं बार असोसिएशन उभं राहिलं. पहिली तारीख पडली, मग पुढची. पुढं पुढं तारखा इतक्या झाल्या, की कोर्टातल्या कॅलेंडरवर त्यांना जागा पुरेना आणि भिंतीवर लिहाव्या लागल्या, असं म्हणतात. फडतरेची बदली कोयनानगरला झाली. तिथं जमीनच मधूनमधून हलते, फौजदार हलला तर कोणाच्या ध्यानात येतं?

जायच्या आधी तो वाडीला गेला. धोंडुबाई विहिरीतून घागर ओढत होती. मोट पूर्वीच मोडून टाकली होती. मोटार येणार म्हणून बैल विकले होते. मेंढरं काठाशी गर्दी करून उभी, आणि घागरीतलं पाणी पहिल्या चारपाचांतच संपत होतं.

"मावशी, तू सुटलीस. आता तुला कोणी नेणार नाही."

"सुटले," धोंडुबाई म्हणाली. दोर तिच्या तळहाताला कापत होता. "आन मोटार?"

"मोटार आत आहे."

"ती कवा सुटनार?"

फडतरेनं दोराला हात लावला. दोघांनी मिळून घागर वर घेतली.

धोंडुबाईनं ती कुंडीत ओतली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहिलं.

"सायेब, खरं सांगा. जेलात नळ असतोय म्हनं?"

"असतो."

"आन त्येला पानी येतं?"

"येतं."

धोंडुबाईनं रिकामी घागर पुन्हा विहिरीत सोडली. "मग मला सोडून तुमी माझं लय वाईट केलंसा बघा."